तरवडाची आंघोळ

वसुधा मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्रांती चौकात सिग्नलला थांबलो होतो. मागून हॉर्न वाजत होते आणि मला दिसत होती करमाडजवळची टेकडी, आणि भर उन्हात "अंकुश, पळ, इकडं ये!" असं ओरडणाऱ्या मॅडम. त्याला आता महिना होऊन गेला. त्यांच्याविषयी दुःखानं लिहायला बसतो आणि आठवत राहतो तो त्यांचा उत्साहच...

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या कॉलेजातून शहरात आलो आणि वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या वसुधा मॅडमनी मला संशोधनाला घेतलं. "तुला टेकडी चढता येते, बाकीचं शिकवते," असं म्हणाल्या. टेकडीच्या एका अंगाला दगडाची खाण आणि खडी क्रशर चालू होतं. दुसऱ्या अंगाला नव्या खाणीसाठी अर्ज आला होता. पाहणीच्या कागदात लिहिलं होतं, हद्दीत मोठं झाड नाही, सबब नुकसान नाही. मॅडम चिडायच्या, "हे खड्डा मोजतात. खड्ड्याबाहेर उडालेलं कोण मोजणार?" ते आम्ही मोजत होतो. क्रशरची धूळ जिकडं उडायची तिकडं तरवडाची रानझुडपं होती. त्यांतल्या दहा झुडपांवर खुणा बांधून, पानांना चिकटपट्टी लावून, साचत जाणारी धूळ मी दोन महिने नोंदवत होतो.

एक दिवस मॅडमचा निरोप आला, उद्या पाहायला येते. आमच्या गावच्या शाळेत तपासणीला साहेब येणार म्हटलं की आम्ही पोरं फरशीपासून फळ्यापर्यंत सगळं धुऊन काढायचो. मीही तेच केलं. सकाळीच टाकीवरून कॅन भरून आणले आणि खुणेची दहाही झुडपं लखलखीत धुतली. शेळ्या घेऊन निघालेले भानुदासमामा थांबून बघत राहिले. "शेळीसुदिक तोंड लावत नाय तरवडाला, अन् तुम्ही आंघोळ घालताय व्हय? साबण आणू का?"

"मॅडम येणारेत, मामा."

"मग पावडर बी लावा की!"

मॅडम आल्या. झुडपांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "धुतलंस?"

"होय मॅडम, लई घाण झाली होती..."

हे तोंडातून निघालं आणि मला उमगलं मी काय केलंय ते. दोन महिन्यांची धूळ मातीत गेली होती. आता मॅडम काढून टाकणार, अन् वडिलांना काय सांगायचं? मॅडम दगडावर बसून झुडपांकडं बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "ऐक!"

भुंगे! धुतलेल्या पिवळ्या फुलांवर काळे भुंगे घोंगावत होते. शेजारच्या धुळकट झुडपांवरही फुलं होती, पण तिथं एकही भुंगा फिरकत नव्हता. मॅडम उठून अक्षरशः धावल्या, या झुडपापासून त्या झुडपाकडं, मी त्यांच्या मागं. खाली बसून दम खाताना त्यांनी पुढचं ठरवूनही टाकलं. ही दहा रोज धुवायची, शेजारची दहा धुळीतच ठेवायची. "पण त्यांच्याही बुडाशी तेवढंच पाणी घाल. नाहीतर म्हणतील, पाण्यानंच फरक पडला."

पूर्ण बहर आम्ही पाणी वाहिलं. "आमची शेरडं राहिली बिनआंघोळीची," असं कुरकुरत मामाही एक कॅन उचलायचे. धुतलेली झुडपं शेंगांनी वाकली. धुळीतल्यांची बहुतेक फुलं नुसतीच गळाली. नव्या खाणीच्या सुनावणीत मॅडमनी टेबलावर दोन फांद्या शेजारी शेजारी ठेवल्या. "साहेब, झाड उभं आहे. पण त्याचा वंश थांबलाय." तो अर्ज तेव्हा नामंजूर झाला. मी कचेरीबाहेर येऊन पहिला फोन वडिलांना केला.

प्रबंध लिहिताना माझी चूक मी गाळली होती. मॅडमनी ते पान परत दिलं. "धुतलंस तर धुतलं म्हणून लिही." मी लिहिलं. पण त्या दिवशी दगडावर बसून त्या काय विचार करत होत्या, माझ्यावर किती रागावल्या होत्या, हे विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही.

गेल्या आठवड्यात पुंडलिकनगरला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीनं खोली उघडून दिली. टेबलाशी डायऱ्यांची चळत होती. त्या दिवसाचं पान मी शोधलं. तिरप्या, घाईच्या अक्षरात तीनच ओळी होत्या :

'अंकुशनं झुडपं धुतली.

हे मला का सुचलं नाही?

उद्या जाताना दोन बादल्या न्यायच्या!'