ब्रेकताईच्या चांदण्या

गाडी शिकायला येणारी मंडळी तिला ब्रेकताई म्हणत. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर ती बसायची, पायाखाली तिचा स्वतःचा जादा ब्रेक, आणि अकरा वर्षांत त्या पायाला उसंत म्हणून नव्हती. घरी नवऱ्याचा हात साखरेच्या डब्याकडे गेला तरी तिचा पाय आपोआप फरशीवर दाबला जाई.

ड्रायव्हिंग स्कूल नवऱ्याचं. तो मोठ्या गाड्या शिकवी, ही छोट्या. काउंटरवर सासूबाई. त्यांना स्वतःला सायकलही येत नव्हती, पण कोणाला टेस्टची कुठली तारीख द्यायची हे त्याच ठरवत आणि त्यात कुणाची ढवळाढवळ चालत नसे.

ब्रेकताईची पाळी मात्र कुणाच्याच ठरवण्यात नव्हती. कधी सत्तेचाळीस दिवसांनी, कधी बासष्ट. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तिला मूल हवं होतं, अगदी मनापासून. हनुवटीवर राठ केस उगवत, ते ती सिग्नलला गाडी थांबली की आरशात बघून चिमट्यानं उपटायची. शिकणाऱ्यांना वाटे, बाई आरशाबद्दल किती काटेकोर.

शेवटी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी पीसीओएस असल्याचं सांगितलं. ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे गाठी?"

"गाठी नव्हेत. अंडाशयात बरीच बीजं एकदम वाढायला लागतात, पण एकही पुरतं वाढून बाहेर पडत नाही. म्हणून पाळी लांबते आणि दिवस राहायला वेळ लागतो."

"म्हणजे सात जण एकदम गाडीत चढायला गेले आणि दारातच अडकले."

"साधारण तसंच," डॉक्टरीणबाई हसल्या. "पण गाडी बंद पडलेली नाही."

मग त्यांनी काय काय करायचं ते सांगितलं. गोड कमी, रोज भरभर चालणं, चार-पाच किलो वजन उतरलं तरी पुष्कळ फरक पडतो. सोबत गोळ्या. पाळीच्या तारखा लिहून ठेवायच्या. आणि नवऱ्याचीही तपासणी.

"माझी कशाला? माझं सगळं ठणठणीत आहे," नवरा म्हणाला.

"आरसा न बघता गाडी वळवू नये, हे दिवसातून चाळीस वेळा कोण सांगतं?"

तो मुकाट्यानं गेला. रिपोर्ट खरंच ठणठणीत आला आणि पुढे आठवडाभर तो छाती काढून हिंडला.

चालायला वेगळा वेळ कुठून काढणार? म्हणून मैदानावर पहिल्या गिअरचे धडे असले की शेजारच्या सीटवर नवरा बसे आणि ताई गाडीच्या बाजूनं चालत सूचना देई. बेकरीवाल्या काकूंच्या गाडीला तर ती चालत मागे टाकी. काकू चार वेळा टेस्ट नापास झालेल्या होत्या.

तारखा तिनं ऑफिसातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिल्या. पाळी आली की लाल ठिपका, सोनोग्राफीला जायचं त्या दिवशी चांदणी. सासूबाईंना काही सांगितलं नव्हतं. मागे त्यांना नुसती पाठ दुखते म्हणाली होती, तर दुसऱ्या दिवशी सात शिकाऊंनी सात मलमं आणून दिली होती.

पण सासूबाईंच्या डोळ्यांतून चांदणी सुटणं शक्य नव्हतं. पहिल्या चांदणीच्या दिवशी योगायोगानं चार जण टेस्टला गेले आणि चारही पास झाले. सासूबाईंनी ताडलं, सुनेला परीक्षकाचे खुशीतले दिवस कळतात. पुढच्या महिन्यात चांदणी दिसली तशी त्यांनी त्या एका दिवसावर नऊ जण लावले. बेकरीवाल्या काकू सर्वांत वर.

ताईनं टेस्टच्या तारखांची वही पाहिली आणि डोक्याला हात लावला. "आई, त्या दिवशी मला नाही जमणार. यालाही नाही." तिनं शेजारी उभ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"असं कसं? चांदणी तूच काढलीस ना?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ताईनं सगळं सांगितलं. गोळ्या घेतल्यावर बीज वाढतंय का, ते त्या दिवशी दिसणार होतं.

सासूबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "आणि ठिपके?"

"पाळीचे."

"अगं बाई. मी सगळ्यांना सांगितलं, ठिपक्याच्या दिवशी रिव्हर्स शिकू नका." त्या खुर्चीत खचल्या. "त्या शिंप्यानं तीनदा क्लास बुडवला माझ्यामुळे."

नवऱ्यानं तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते.

"दात काढू नकोस," सासूबाई कडाडल्या. मग सुनेकडे वळल्या. "आणि तू. इतके महिने एकटीनं? मी गावभर बोलते हे खरं, पण सांगायचं होतंस. जा तुम्ही दोघं. नऊ जणांना मी नेते."

"तुम्हाला गाडी येत नाही, आई."

"त्यांना तरी कुठे येते?"

दवाखान्यात पडद्यावर एक काळा गोल दिसला. डॉक्टरीणबाईंनी मोजला. अठरा मिलिमीटर. "एकच आहे, पण छान वाढलंय," त्या म्हणाल्या. नवऱ्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "फोटो मिळेल?"

त्या महिन्यात दिवस राहिले नाहीत. एकोणतिसाव्या दिवशी पाळी आली. ताई न्हाणीघरात थोडी रडली, तोंड धुऊन ऑफिसात आली. सासूबाईंनी तिचा चेहरा वाचला, मग बोटांवर दिवस मोजले.

"एकोणतीस?"

"हो."

"बासष्टवरून एकोणतीस." पुन्हा मोजले. "ही वेळेवर यायला लागली की काय?"

"लागलीय खरी," ताई म्हणाली, आणि तिला स्वतःलाच ते पहिल्यांदा खरं वाटलं.

पुढच्या सोनोग्राफीचा दिवस सासूबाईंनीच डॉक्टरीणबाईंना फोन करून ठरवला. त्या दिवशी एकालाही टेस्टची तारीख दिली नाही. सकाळी ताई बाहेर आली, तर सासूबाई पर्स घेऊन गाडीत पुढे, ताईच्या जादा ब्रेकच्या सीटवर बसलेल्या, पट्टा लावून.

"आई, पुढे मी बसते," नवरा खिडकीशी वाकून म्हणाला, ताईचा आवाज काढून.

"मागे बस," सासूबाई म्हणाल्या. "मागच्या खेपेला तू पाहिलंस. आज माझी पाळी."

ताईनं गाडी सुरू केली.