लव्हबर्डची खोल वाटी

सुपातून फोलपटं उडाली की मला भिवंडीतला आमचा पिंजरा आठवतो. शेजारच्या कापड कारखान्यातले लूम चालू झाले की आमची भिंत थरथरायची आणि लव्हबर्डच्या बशीतले राळ्याचे बारीक दाणे सांडायचे. म्हणून बाबांनी हौसेनं स्टीलची खोल वाटी आणून बसवली. एका दुपारी लाइट गेली, लूम थांबले, पण एरवी अशा वेळी हमखास ऐकू येणारी किलबिल आलीच नाही. दोन्ही पाखरं पिसं फुगवून, डोळे मिटून तळाशी बसली होती. "वाटी तर भरलेली हाय," बाबा म्हणाले, "आजारी पडली असतील." आईनं वाटी काढून फुंकर मारली. दाणे खाऊन टाकलेली फोलपटं तेवढी उडाली आणि खाली रिकामा तळ चमकला. आईनं तळहातावर राळं घेऊन हात पिंजऱ्यात घातला. पाखरं हलेनात. तेवढ्यात लाइट आली, लूम धडधडू लागले, काही ऐकू येईना. आम्ही नुसते आईच्या तोंडाकडे बघत राहिलो. "टोचलं! खातायत!" ती ओरडली. आता आई नाही. बाबा एकटेच राहतात. फोनवर म्हणतात, "घरात सगळं भरलेलं हाय, तू येऊ नको." मी पिशवी उचलते आणि निघते.