अठरा कॉलेजांचं बिग टेन

मेलबर्नजवळच्या वेरिबीच्या सलिल टिपणीसला माणसांचा तिटकारा नव्हता. त्याला तिटकारा होता अमेरिकेतल्या कॉलेजांचा, पण तो ऐकून घ्यावा लागायचा माणसांना.

मूळचा डोंबिवलीचा, पाणीपुरवठ्यात इंजिनिअर, वेरिबीत आल्यापासून एकच घर आणि एकच ऑफिस. मास्टर्स मात्र अमेरिकेत, वायव्येकडच्या एका आडगावच्या कॉलेजात, जिथं गहू आणि फुटबॉल यांपलीकडं काही पिकत नाही. मेलबर्नला राहून, दारातली फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा आपला फुटबॉल, सोडून तिकडचा फुटबॉल बघणारा मराठी माणूस म्हणजे काय चीज असेल, ते तुम्हीच बघा. बायकोनं, मीनाक्षीनं, केव्हाच हात टेकले होते.

तिकडं कॉलेजं गट करून आपापसांत खेळतात. त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजाऱ्याशी खेळत आला. मग टीव्हीवाले पैसा घेऊन आले आणि बडी बडी कॉलेजं गट बदलू लागली. सलिलच्या गटातल्या बारापैकी दहा निघून गेल्या. मागं राहिल्या दोघी, त्यांतली एक सलिलची.

हो, दोघीच म्हणायचं. सलिलच्या लेखी युनिव्हर्सिटी ही ‘ती’, जुना गट हे तिचं माहेर, नवा गट हे सासर. कुणाला कुठलं स्थळ शोभतं हे तो एखाद्या वधुवर मंडळाच्या चालकासारखा सांगायचा. अमकीनं डोंगराकडचंच घर बघावं, तमकीची मोठ्या घरात जायची ऐपत नाही. “गटाचं नाव बिग टेन म्हणे, आणि आत अठरा जणी. युनिव्हर्सिट्या चालवतात आणि दहापर्यंत मोजता येत नाही,” हे तर त्यानं दंतवैद्यालासुद्धा ऐकवलं होतं, तोंडातली नळी निघाल्या निघाल्या. अटलांटिक किनाऱ्याच्या गटात कॅलिफोर्नियातल्या दोघी घेतल्या तेव्हा तो आठवडाभर फणफणत होता. या दीडशहाण्यांच्या घरात नकाशा नाही का, असं तो ज्याला त्याला विचारायचा.

हे सगळं खरं तर एकाच माणसासाठी चाललेलं असायचं. तो श्रीनाथ. श्रीनाथ सलिलच्या कॉलेजच्याच राज्यातल्या मोठ्या शहरातल्या श्रीमंत कॉलेजात शिकलेला. मेलबर्नला नवे आले तेव्हा दोघं क्लेटनला एका खोलीत राहिले आणि तिथंच त्यांना कळलं की आपली कॉलेजं एकमेकांची हाडवैरी आहेत. तेव्हापासून दर नोव्हेंबरात, तिकडचा शनिवार म्हणजे आपला रविवार, सकाळी सलिलकडं मॅच, मीनाक्षीचे पोहे आणि यथेच्छ चिडवाचिडवी. श्रीनाथची ‘ती’ टीव्हीच्या पैशाच्या अर्ध्याच हिश्शावर बिग टेनमध्ये गेली आणि मॅच ढकलली सप्टेंबरात, एखाद्या सरावाच्या मॅचसारखी. मग श्रीनाथचं येणंही कमी झालं. कधी ऑफिस, कधी सिडनी. आता त्याच्या मुलीचं, नीरजाचं, लग्न ठरलं होतं सिडनीतल्या गिरावीनला, आणि तो स्वतःही तिथंच घर बघतोय असं कानावर आलं होतं. गेला तर गेला, असं सलिल म्हणायचा आणि एक दिवसाआड मीनाक्षीला विचारायचा, त्याचा फोन आला होता का. श्रीनाथ गेला की वर्षातला तो एक रविवारही कायमचा जाणार होता.

म्हणून नीरजाचं केळवण त्यानं हट्टानं आपल्याकडं ठेवलं. नवऱ्या मुलाची आई, डॉक्टर सुहासिनीताई, मुद्दाम सिडनीहून आल्या होत्या. बायका बाहेर पॅटिओत. आत सलिल पुऱ्या तळतोय, श्रीनाथ ओट्याला टेकून उभा. सप्टेंबरात मॅचला येतोस ना, असं सरळ विचारायचं सोडून सलिलची गाडी नेहमीच्या रुळावर गेली.

“श्रीनाथ, खरं सांगू? तुमची ती पैसा बघून गेली. सोन्यासारखं घर मोडलं. आणि तिकडं मान तरी आहे का? अर्ध्या हिश्शावर घेतलीय तिला. परक्या मुलखात पडलीय, कुणी विचारत नाही. चार वर्षांत रडत परत येईल बघ.”

सुहासिनीताई पाण्याचा जग घेऊन दारात उभ्या होत्या.

“नीरजाचं आधी लग्न झालं होतं?” त्यांनी शांतपणे विचारलं.

श्रीनाथचा चेहरा पांढराफटक पडला. कढईतली पुरी करपली. सलिल अहो फुटबॉल, अहो कॉलेज, असं काहीबाही बोलू लागला, पण पन्नाशी उलटलेला माणूस एवढा गळा काढतो तो कॉलेजच्या फुटबॉलसाठी, यावर त्या कशा विश्वास ठेवणार? आवाज ऐकून नीरजा आत आली, ऐकलं आणि हसत हसत खालीच बसली. “काकांचं रोजचंच आहे हे,” म्हणाली. तेव्हा कुठं सुहासिनीताईंनी जग खाली ठेवला. पण डॉक्टरीणबाई त्या, पेशंटला विचारावं तसं एकेक विचारत गेल्या. गट म्हणजे काय, कोण गेलं, का गेलं. सलिल सांगत राहिला. शेवटी त्या म्हणाल्या, “आणि तुमची का नाही गेली?”

याचं उत्तर त्याला पाठ होतं. निष्ठा. प्रत्येक पार्टीत त्यानं ते ऐकवलं होतं, श्रीनाथच्या तोंडावर ऐकवलं होतं. पण त्याआधी श्रीनाथच बोलला.

“तिनंच नकार दिला. स्थळं आली होती, पण माहेर सोडलं नाही.”

तो हे इतक्या मायेनं बोलला की सलिलला ते असह्य झालं. तिकडची बातमी न् बातमी वाचणारा हा माणूस. त्याला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. एवढ्या शिव्या खाल्ल्या, पण एकदाही त्यानं ते तोंडातून काढलं नव्हतं.

सलिलनं गॅस बंद केला.

“नाही हो ताई,” तो म्हणाला. “आम्हांला कुणी विचारलंच नाही.”

मग तो श्रीनाथकडं वळला. “सिडनीला कधी निघतोयस?”