दंगा झाल्यावरचं गाणं

दर रविवारी सासूबाईंना मी हुबळीहून धारवाडला, माळमड्डीत त्यांच्या धाकट्या बहिणीकडे घेऊन जाते. घरात रॉक लावायची सोय नाही. सासरे दाजीबानपेठेतल्या कापडाच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचा गलका ऐकून विटलेले असतात. त्यामुळे माझं सगळं ऐकणं गाडीत.

एका बँडचा अख्खा अल्बम लावला त्या पहिल्या रविवारी उणकलच्या तळ्यापर्यंत सासूबाईंनी कसंबसं सोसलं. मग म्हणाल्या, "अगं, हा माणूस गातोय की भांडतोय?"

"भांडतोयच, आई."

"कुणाशी?"

"सगळ्यांशी."

त्यांनी पदर कानावर ओढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

धारवाड आलं आणि अल्बममधलं शेवटचं गाणं लागलं. त्यात ड्रम नाहीत. एक गिटार, आणि इतका वेळ ओरडून दमलेला तोच गळा, आता अगदी हळू. मांडव उतरल्यावर घरची माणसं सतरंजीवर टेकून बोलतात ना, तसा. सासूबाईंनी पदर खाली घेतला.

"काय म्हणतोय?"

"जुन्या गल्लीतून चाललाय. सगळे बरे आहात ना, असं विचारतोय."

"एवढंच? मग जीव असा कासावीस का होतोय? आणि बरंही वाटतंय."

पुढच्या रविवारी गाडीत बसल्याबसल्या फर्मान सुटलं, "ते शेवटचंच लाव." लावलं. अर्ध्यातच त्यांनी मान हलवली. "आज काही मनाला लागत नाही गं. पहिल्यापासून लाव. दंगा होऊ दे आधी."

मला हसू आलं, पण त्यांचं बरोबर होतं. ते गाणं नुसतं ऐकलं की मलाही फिकं वाटतं. आधीच्या आरडाओरड्यातून आल्याशिवाय त्यातला हळुवारपणा कळतच नाही.

मागच्या महिन्यात रस्ता मोकळा मिळाला आणि गाणं यायच्या आधीच आम्ही मावशींच्या दारात पोचलो. सासूबाई उतरेनात. मावशी कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या.

"अक्का, काय झालं? पाय दुखतोय काय?"

"काही नाही. बा, कुंद्र," सासूबाई म्हणाल्या. ये, बस. मी उतरून मागचं दार उघडलं आणि मावशी हात वर धरून आत बसल्या. सगळ्यांत कर्कश गाणं चालू होतं. त्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"हे जाऊ दे, पुढचं ऐक," सासूबाई म्हणाल्या.

मग ते लागलं. संपल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "आपले अप्पा बंबात लाकडं सारताना असंच गुणगुणायचे बघ."

सासूबाई गर्रकन मागे वळल्या. "मला वाटलं, मलाच तसं वाटतंय!"

"ते कानडी पद होतं."

"छे, मराठी! तू लहान होतीस, तुला काय आठवतंय?"

वाद स्वयंपाकघरापर्यंत गेला. जेवताना दोघींनी आपापली चाल म्हणून दाखवली. एकीची दुसरीशी जुळेना, आणि त्या गाण्याशी तर दोन्हीही नाहीत. मी आमटी वाढून घेतली आणि दोघींनाही म्हटलं, "अगदी तसंच!"