आधी शिक्षा, मग चिखल

योसिना लेकाटोम्पेसीचं आयुष्य चिखलात गेलं. नोकरी अंबोन शहरातल्या विद्यापीठातली, पण हात कायम चिखलात. समुद्राच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळ बसत जातो आणि त्या त्या काळात पाण्यात जे आलं, शिसं म्हणा, पारा म्हणा, ते त्या थरात मुरून राहतं. लांब नळी तळात खुपसायची, गाळाचा अख्खा खांब वर काढायचा आणि थर तपासायचे, हे तिचं काम. बोटीत लोखंडी साखळी नको, बोटात अंगठी नको, जवळ कुणी सिगारेट ओढायची नाही. एवढ्यातेवढ्याने आकडे बिघडतात. तिची आई म्हणायची, पोरीने लहानपणी चिखलात खेळून मार खाल्ला, आता त्याचाच पगार खाते.

पेट्रोलमधलं शिसं तिथल्या बेटांच्या मासळीत कसं उतरलं, ते तिने दाखवून दिलं. जपान-जर्मनीचे विद्वान तिच्या आकड्यांवर आपले निबंध उभे करू लागले. तिच्या स्वतःच्या गावाची, सापारुआ बेटावरच्या हातुमेनची खाडी मात्र तपासायची राहूनच गेली. घरचीच आहे, कुठे पळते, असं म्हणता म्हणता केस पिकले.

मग कळलं की खाडीत नवा धक्का होणार आणि पुढच्या आठवड्यात तळ उपसायला यंत्र येणार. मोटारबोटींच्या आधीपासूनचे न ढवळलेले थर फक्त तिथेच उरले होते. ते नसतील, तर शिसं किती वाढलं हे कशाशी ताडून बघायचं? ती नळ्या आणि नायलॉनची दोरी घेऊन धावत आली. किनाऱ्यावर पाहते तर खांबाला नारळाची कोवळी झावळी बांधलेली. सासी, म्हणजे गावाची जुनी बंदी, लागली होती. ख्रिस्ती देवळात प्रार्थना होऊन खाडी बंद झाली की ईस्टरपर्यंत तिच्यातलं काही काढायचं नाही.

खाडीचा राखणदार हबेल. तिच्याहून थोडा मोठा, म्हणून ती त्याला बु म्हणायची, थोरला भाऊ. तिने समजावलं की सासी मासळीला असते, शिंपल्यांना असते, चिखल कोण खातं? हबेल म्हणाला, तूच खातेस, इतकी वर्षं.

"आणि ते यंत्र येऊन सगळा तळ नेणार, ते चालतं?"

"यंत्र गावचं नाही, नोना. तू गावची आहेस."

केस पिकले तरी हबेलला ती नोनाच, गावची पोर. तिने विचारलं, सासी मोडणाऱ्याला शिक्षा काय? हबेलने सांगितलं, जुनीच, पत्र्याचा डबा वाजवत गावभर फिरायचं आणि आपला गुन्हा ओरडून सांगायचा. मग माफ.

"मग मी शिक्षा आधी घेते."

"चोरीच्या आधी शिक्षा? कुणाच्या बापाने ऐकलंय?"

"चालत नाही, असं तरी कुणाच्या बापाने सांगितलंय?"

हबेलने डोकं खाजवलं. तसं खरंच कुणी सांगितलेलं नव्हतं.

भर उन्हात प्राध्यापकीणबाई बिस्किटांचा डबा बडवत निघाल्या. सागोच्या पिठाच्या भाकऱ्या भाजणाऱ्या बायका चुली सोडून दारात आल्या. योसिना ओरडत होती, मी खाडीचा चिखल काढणार आहे. मागून चालणारा हबेल वैतागला, अगं काढला म्हण, शिक्षेत तसंच म्हणतात. ती म्हणाली, हाती आल्याशिवाय काढला कसं म्हणू, बु? मी उभ्या जन्मात निबंधातसुद्धा तसलं लिहिलेलं नाही. एक म्हातारी दारातूनच म्हणाली, ताई, एवढी शिकलीस, तुला चोरीसुद्धा धड करता येईना. सगळी गल्ली हसली. योसिनाही हसली, पण शब्द बदलला नाही. देवळापर्यंत आणि परत, काढणार आहे, काढणार आहे.

शेवटी हबेलनेच होडी ढकलली. लवंगेची सिगारेट त्याने कुणी न सांगताच किनाऱ्यावर विझवली. नळी वर आली ती पूर्ण भरून, खाली काळसर, वर तांबूस.

यंत्र ठरल्या वेळी आलं आणि तळ उपसून गेलं. तो जुना गाळ आता फक्त अंबोनच्या थंड खोलीत आहे. योसिनाच्या सगळ्या कामात जगाने त्याचाच आधार सर्वांत जास्त घेतला. दूरदूरचे लोक चिमूटभर मागतात. ती कळवते, माझी ना नाही, पण चिखल हातुमेनचा आहे, हबेलला विचारा. हबेल बहुतेक वेळा हो म्हणतो. सासी लागलेली असली की मात्र ईस्टरपर्यंत थांबवतो, जपानी असो की जर्मन.