मनुबाईनं मिश्री सोडली

मनुबाईनं मिश्री सोडली आणि तिच्या जिवाला थारा म्हणून राहिला नाही.

तासगावजवळच्या त्या वाडीत मिश्री न लावणारी बाई शोधून सापडली नसती. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि उंबऱ्यावर बसून बोटानं हिरड्यांना घासायची. तंबाखू खाणाऱ्या पुरुषाला याच बाया नावं ठेवणार. मिश्री म्हणजे काय, दात घासणं! मनुबाई दिवसातून चार-चारदा दात घासायची.

मग गालाच्या आत पांढरा चट्टा उठला. तिखट झोंबायला लागलं. शेजारची शालूबाई म्हणाली, "उष्णता हाय गं. तितंच जरा जास्त मिश्री दाबून धर." मनुबाईनं इमानानं धरली. चट्टा वाढला.

बांगलादेशची लढाई संपून तिचा नवरा सयाजी पलटणीतून रजेवर आला होता. तो तिला सांगलीला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "मिश्री आजपासून बंद. महिन्यानं दाखवा. चट्टा गेला नाही तर तुकडा काढून तपासावा लागेल." तुकडा म्हटल्यावर तिनं पदरानं गाल झाकून घेतला. सयाजीनं परत जाण्याआधी डबी उकिरड्यावर भिरकावली.

त्याचं काय जातंय भिरकावायला! इथं हिचं पोट साफ होईना, डोकं ठणकायचं, दूध डोळ्यांदेखत उतू जायचं. कुणाच्या घरातून भाजक्या तंबाखूचा वास आला की पाय अडखळायचे. उगाच कोंबड्यांवर ओरडायची.

एका सकाळी धारा काढून, पाणी भरून ती उंबऱ्यावर टेकली. आतून सासूबाईंचा, सुलाबाईंचा आवाज आला, "बसलीस व्हय गं? वैरण काय चालत यील गोठ्यात?" ती उठली. दुपारी भांडी घासून पुन्हा टेकली, तर "हातपाय गळालं का काय?"

मनुबाई चक्रावली. याच उंबऱ्यावर ती इतकी वर्षं बसत आली होती आणि सासूनं चकार शब्द काढला नव्हता. उलट शेजारी बसून तिच्याच डबीत बोट घालायची. मिश्री लावणारी बाई कामात असते, नुसती बसलेली बाई आळशी. ही रीत कुणी घातली देव जाणे, पण साऱ्या वाडीनं पाळली होती.

दुसऱ्या दिवशी शालूबाईनं डबी पुढं केली. "घे गं, एका बोटानं काय मरत न्हाईस."

मनुबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. हात पुढं झालाही, पण जीभ चट्ट्यावर गेली आणि तिला धडकी भरली. "नगं," म्हणून ती घरी आली, उंबऱ्यावर बसली आणि रिकामंच बोट तोंडात घालून घासायला लागली.

हाक मारायला आलेल्या सुलाबाई दारातच थबकल्या. "लागलीस व्हय पुन्ना मिश्री लावाय? बरं, आटप," म्हणून निमूट आत गेल्या.

मनुबाईला हसू आलं आणि मागोमाग रडू. चट्टा लहान झालाय की तसाच आहे, काही कळेना. घटकाभर टेकायला मिळावं म्हणून आपण तोंड जाळून घेत होतो की काय, या विचारानं तिचं बोट थांबलं. आत सासूची चाहूल लागली तसं ते पुन्हा हलायला लागलं.