तुरळक पटकी

“तुरळक आहे, घाबरू नकोस,” असं बाळकुमच्या बारकूबाईला ठासून सांगितलं आणि मी स्वतःवरच खूश झाले. राणीच्या राज्यातली गोष्ट. ठाण्याच्या दवाखान्यात मी नवी नर्स. पांढरं लुगडं, वाजणारे बूट, आणि त्याच सकाळी डॉक्टरसाहेबांकडून शिकलेला एक इंग्रजी शब्द.

स्पोरॅडिक. म्हणजे रोग इथे एकाला, तिथे एकाला होतो. रोग्यांचा एकमेकांशी धागा नसतो. आपण तुरळक म्हणतो. धागा सापडला की ती साथ. बाळकुमात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, रोगी गावात लांबलांब विखुरलेले. म्हणून साहेबांनी तुरळक ठरवलं.

बारकूबाईचा नवरा मिठागरात कामाला. मुलीची हळद दुसऱ्या दिवशी. “साथ हाय म्हनून नवऱ्यावाले येवाला तयार नाय,” ती म्हणाली. “आता तुझा शब्द सांगते त्यांना.”

मी बूट वाजवत रोग्यांकडे निघाले. प्रत्येक दारात वाकून शिरायचं, कारण नुकत्याच झालेल्या लग्नाचा मांडव. शेवटच्या घरी बांबू कपाळाला लागला, तेव्हा कुठे डोकं चाललं. आजारी पोराच्या नखांत अजून हळद होती.

“हळदीला पाणी कुठलं, आजी?” मी पोराच्या आजीला विचारलं.

“जुने तलावाचा. धवलारीण गानी बोलत नेते. नवऱ्याला आंघोल तेच पान्यानी, सगले पितान पन तोच. लग्नाबिगर तिथं कोन जातं?”

धवलारीण म्हणजे आगऱ्यांची लग्नं लावणारी बाई.

साहेबांनी ऐकून घेतलं. “मग ही साथच, नर्सबाई. लग्न थांबवा.”

“पाणी थांबवलं तर, साहेब?”

“जमवून दाखवा.”

बारकूबाई मांडवाच्या खांबाला टेकली. “सकाली तुरळक, आता साथ. तुझी जीभ हाय का भोवरा?” मग हळूच, “पोरीचा लगीन मोडंल ना गं.”

धवलारीण तिथेच सुपारी कातरत होती. तिला मी दुसरीकडचं पाणी घ्यायला सांगितलं. “देवाचा पानी बदलत नाय,” ती म्हणाली.

“उकळलं तर?”

तिने सुपारीचं खांड तोंडात टाकलं. “उकललेला पन तलावाचाच ना? मंग उकला.”

दुसऱ्या दिवशी चुलीवरच्या हंड्यांपुढे तिने सगळी गाणी म्हटली. नवऱ्यावाल्यांना मी खरं तेच सांगितलं: साथ आहे, पण ती हंड्यात उकळली आहे. ते आले. पाण्याला धुराचा वास येतो म्हणून कुरकुरले आणि पोटभर प्याले. त्या लग्नातलं कुणीही आजारी पडलं नाही.

अजून कुणी काही तुरळक आहे म्हटलं की मी आधी विचारते, “दारात मांडव होता का?” नातवंडांना वाटतं, म्हातारीला लग्नाचं जेवण आठवलं.